फोर्ट स्टीव्हन्सला सहकुटुंब मुक्काम: ओरेगनच्या किनाऱ्यावर कॅम्पिंग कसं आखावं

पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरो भागातल्या मराठी घरांमध्ये मे महिना लागला की भारतातून आई-बाबा येतात आणि मुलांना सुट्टीचे वेध लागतात. आजी-आजोबांना झेपेल आणि नातवंडांना पुरेल अशी समुद्रकाठची जागा कुठली, हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क, दोन रात्री, आणि तारीख भरती-ओहोटीचा तक्ता बघून. तक्त्याचा भाग लोक सोडून देतात. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

हे पार्क ओरेगनच्या अगदी वायव्य टोकाला, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,३०० एकर. तंबू, आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या), यर्ट (गोल, पक्के तंबू), केबिन सगळं धरून मुक्कामाच्या पाचशेच्या आसपास जागा आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये त्याची गणना होते. ही मूळची क्लॅट्सॉप या आदिवासी लोकांची भूमी. यादवी युद्धाच्या काळात, १८६३-६४ मध्ये, नदीच्या मुखाच्या रक्षणासाठी इथे किल्ला उभारला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये लष्करानं तो सोडला. म्हणजे एकाच आवारात समुद्र, नदी, गोड्या पाण्याचं तळं, जंगल आणि तोफखाना. पहिल्यांदा कॅम्पिंगला निघालेल्या कुटुंबाला याहून सोयीची जागा या किनाऱ्यावर मला माहीत नाही. फ्लशची स्वच्छतागृहं आणि गरम पाण्याचे शॉवर आहेत. आईला हे आधी सांगा, निम्मी चर्चा तिथेच संपते.

तारीख: आधी चंद्र, मग सुट्टी

कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना उधाण आणि भांग हे शब्द शिकवायला नकोत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी, तो भांग. ओरेगनमध्येही चंद्र तोच, नियम तोच. भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा शनिवार-रविवार शोधा. मोठी ओहोटी त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मिळते, त्यामुळे भारतातली तिथी आणि इथली तारीख यांतल्या अर्ध्या दिवसाच्या फरकानं काही अडत नाही.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब मात्र इथे चालवू नका. उन्हाळ्यात इथलं घड्याळ एक तास पुढे असतं, शिवाय या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्यांच्या पातळीत ठळक फरक असतो: एक खूप खाली जाते, दुसरी जेमतेम. वसंत आणि उन्हाळ्यात ती मोठी ओहोटी सकाळी उजेडात येते. हिवाळ्यात ती संध्याकाळी अंधार पडल्यावर येते. म्हणून मे-जूनमधली उधाणाची सकाळ ही या किनाऱ्यावरची सर्वांत चांगली वेळ. सहा ते साडेआठच्या दरम्यान पुळण दूरपर्यंत उघडी पडते, वारा अजून उठलेला नसतो, आणि गर्दीही नसते.

नेमकी वेळ तक्त्यातूनच घ्या. नोआ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. तक्ता घेताना कोलंबिया नदीच्या मुखाचा घ्या, अस्टोरियाचा नको. अस्टोरिया हे शेजारचं गाव नदीत आत आहे, तिथे ओहोटी उशिरा पोचते. अस्टोरियाची वेळ धरून पुळणीवर गेलात तर पाणी परत फिरलेलं असेल. तक्त्यात ज्या ओहोटीपुढे उणे चिन्ह असेल, तिला इथे ‘मायनस टाइड’ म्हणतात. शिंपले काढायचे असतील तर हीच हवी. दररोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शनिवारी सातला असेल तर रविवारी आठच्या जवळ.

हवेचा विचार करताना कोकणचा पावसाळा डोक्यातून काढून टाका. इथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च धो धो, आणि जुलै-ऑगस्ट सगळ्यात कोरडे. पण कोरडं म्हणजे उबदार नव्हे. हिल्सबरोत ९५ फॅरनहाइट असताना इथे दुपारी ६५ आणि रात्री ५० असणं नेहमीचंच आहे. सकाळी धुकं, दुपारी वायव्येचा बोचरा वारा. सप्टेंबरमध्ये वारा पडतो, धुकं विरतं आणि गर्दी ओसरते. शाळेचं बंधन नसेल तर मी सप्टेंबरच सुचवेन, फक्त तेव्हा शिंपले काढायला बंदी असते.

बुकिंग

ओरेगन स्टेट पार्कच्या बुकिंगची खिडकी सहा महिने आधी उघडते. १५ जूनला पोचायचं असेल तर १५ डिसेंबरला सकाळी संगणकासमोर बसा. तंबू ठोकता येईल अशा जागा इथे भरपूर असल्यामुळे त्या बऱ्यापैकी उशिरापर्यंत मिळतात. यर्ट मात्र मोजकेच आहेत आणि पहिल्याच दिवशी संपतात. यर्ट म्हणजे लाकडी जमिनीवर उभारलेला गोल, जाड कापडाचा पक्का तंबू. आत बंक बेड, सोफा-बेड, दिवा, हीटर आणि दाराला कुलूप. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. आत स्वयंपाक करायचा नाही आणि ज्योत पेटवायची नाही. उदबत्तीसुद्धा नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

माझा सल्ला: आई-बाबांसाठी एक यर्ट आणि शेजारच्या लूपमध्ये (जागांच्या गटात) आपला तंबू. गुडघेदुखी असलेल्या माणसाला जमिनीवरून उठायला लावणं हे काही सहलीचं सुख नाही.

तंबूसाठी वीज आणि पाणी असलेली ‘इलेक्ट्रिकल’ जागा घ्या. इथल्या बहुसंख्य जागा तशाच आहेत. किटली, आजोबांचं झोपेत श्वासासाठी लागणारं सी-पॅप मशीन, रात्रीचा छोटा दिवा या सगळ्याची सोय होते. बाहेर वापरायची जाड एक्स्टेन्शन कॉर्ड मात्र आपली न्यावी लागते. एका जागेवर आठ माणसांची मर्यादा आहे आणि दुसऱ्या गाडीचे वेगळे पैसे पडतात. चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर नकाशा उघडून लागोपाठच्या जागा एकाच वेळी धरा. ‘नंतर बदलून घेऊ’ हे जून महिन्यात जमत नाही. सिएटलहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की राज्याबाहेरच्यांना मुक्कामाचा दर २५ टक्के जास्त आहे.

समुद्राच्या वाळूवरच तंबू ठोकू असा बेत कुणी मांडला तर तो तिथेच थांबवा. ओरेगनमध्ये किनारा सगळ्यांचा आहे, १९६७ च्या ‘बीच बिल’नं तो हक्क पक्का केला, पण स्टेट पार्कला लागून असलेल्या वाळूवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे. कॅम्पग्राउंड पाइन आणि स्प्रूसच्या झाडीत, समुद्रापासून साधारण मैलभर आत आहे. वाऱ्यापासून आडोसा मिळतो, हा त्याचा फायदाच.

शुक्रवार: पोचणं आणि तंबू

हिल्सबरोहून हायवे २६ नं पश्चिमेला, मग १०१ वरून सीसाइड, गिअरहार्ट करत वॉरेंटन, तिथून हॅमंड. दोन तास धरा. शुक्रवारी दुपारी अडीचच्या आत निघालात तर बरं. जागा चार वाजता ताब्यात मिळते. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे तंबू उजेडात उभा राहतो. काही राहिलंच तर वॉरेंटनमध्ये कॉस्टको आणि फ्रेड मेयर आहेत. पण कढीपत्ता, भाजणी, आमसुलं हा ऐवज घरूनच न्यायचा.

सरपण घरून नेऊ नका. हे मी सगळ्यांना बजावून सांगतो. २०२२ च्या जूनमध्ये एमरल्ड ॲश बोरर हा ॲश झाडं मारणारा भुंगा फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये सापडला. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली नोंद, आणि ती हिल्सबरोच्या शेजारी. त्याच्या अळ्या सालीखाली लपलेल्या असतात, लाकूड वरून स्वच्छ दिसतं. परसातल्या लाकडाचा एक भारा गाडीत टाकून नेला, तर तो भुंगा आपण स्वतःच्या हातानं नव्या जंगलात सोडलेला असतो. सरपण कॅम्पग्राउंडवरच विकत घ्या.

तंबू ठोकताना तीन गोष्टी सांभाळा. दार वायव्येकडे नको, उन्हाळ्यातला वारा तिकडूनच येतो. इथली जमीन वाळूची आहे, तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या बारीक खुंट्या तिच्यात धरत नाहीत. लांब, रुंद खुंट्या वेगळ्या घ्या आणि दोरीच्या उलट दिशेला तिरक्या ठोका. आणि तंबूखालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. ती जरी चार बोटं बाहेर राहिली तरी त्यावर पडलेलं दव आणि पाऊस थेट अंथरुणाखाली येतो.

थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. हवा भरलेली मोठी गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा रात्री गार पडते आणि पाठ गोठते. गादीवर फोमची चटई किंवा घरातली जुनी गोधडी अंथरा, त्यावर स्लीपिंग बॅग. बॅग साधारण ३० फॅरनहाइटच्या रेटिंगची असावी. तंबूच्या वरच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून बंद करू नका. चार माणसांचा श्वास रात्रभर छताला साठतो आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडतो. त्यापेक्षा जाळी उघडी ठेवून कानटोपी घालून झोपलेलं चांगलं.

तंबू उभा राहिला की मुलांना घेऊन रेंजर ऑफिसजवळचा त्सुनामी नकाशा बघून या. हा किनारा कॅस्केडिया भूकंपपट्ट्यावर आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री इथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याची लाट थेट जपानपर्यंत गेली होती. नियम सोपा आहे: जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, तर भोंग्याची वाट न बघता, सामान न घेता, निळ्या पाट्यांच्या दिशेनं पायी उंचावर निघायचं. हातात १५-२० मिनिटं असतात. फोर्ट स्टीव्हन्सचा भाग सपाट आहे, म्हणून उंच जागा कुठल्या बाजूला ते आधीच बघून ठेवायचं. मुलांना घाबरवायचं कारण नाही. शाळेत ते याची कवायत करतातच, आजी-आजोबांना तेच समजावून सांगतील.

चूल आणि ताट

कॅम्पिंग म्हणजे हॉट डॉग आणि मार्शमेलो हे समीकरण आपल्याला पाळायची गरज नाही. दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह असेल तर पिठलं-भात, मुगाच्या डाळीची खिचडी, थालीपीठ सगळं होतं. छोटा कुकरही चालतो. फक्त रात्री दहानंतर शांततेची वेळ असते, तेव्हा शिट्टी आणि अंताक्षरी दोन्ही त्याआधी उरका.

पहिल्या रात्री दमलेले असता, म्हणून घरून दशम्या, ठेचा, दही आणि सुकी बटाट्याची भाजी. दुसऱ्या रात्री निखाऱ्यावरचं भरीत. त्यासाठी जाळ विझू द्या, लाल निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आला की वांगी थेट त्यावर ठेवा. ज्वाळेत ठेवलं तर साल जळते आणि आत कच्चं राहतं. दर तीन-चार मिनिटांनी चिमट्यानं फिरवायचं. देठाजवळ बोट दाबून बघायचं, तो भाग शेवटी शिजतो. वांगं पूर्ण बसलं, सालीतून रस फुटून चर्रर्र व्हायला लागलं, की काढून झाकून ठेवा. सोलताना थोडी राख राहिली तरी धुऊ नका, धुरकट वास पाण्याबरोबर निघून जातो. कांदा, मिरची, कोथिंबीर आणि वर कच्चं तेल. घरच्या गॅसवर हे कधीच होत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांमुळे जाळ पेटवायला बंदी येऊ शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कच्या पानावर बघा. तेव्हा बहुतेक वेळा स्टोव्हला परवानगी असते, पण सूचना वाचूनच ठरवा.

रकून फार धीट आहेत. कूलरचं झाकण त्यांना उघडता येतं. जेवण झालं की चिवड्याच्या पुडीपासून कूलरपर्यंत सगळं गाडीत आणि काचा बंद. तंबूत खाऊ ठेवायचाच नाही, मुलांच्या खिशातली चॉकलेटंसुद्धा काढून घ्या. भांडी नळाखाली खरकट्यासकट धुऊ नयेत आणि तेलकट पाणी झाडीत ओतू नये. आधी पेपर टॉवेलनं पुसून घेतली तर अर्धं काम तिथेच होतं.

हा समुद्र वेगळा आहे

गणपतीपुळे, दिवेआगर, गोव्याच्या समुद्राची सवय घेऊन आपण इथे येतो. पँट दुमडायची, लाटांकडे पाठ करून फोटो काढायचा, मुलांना कमरेएवढ्या पाण्यात सोडायचं. यातलं काहीही इथे करू नका.

पाणी भर उन्हाळ्यातही ५० ते ६० फॅरनहाइट असतं. एवढ्या थंड पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वासावरचा ताबा सुटतो, आणि पट्टीचा पोहणाराही तेवढ्यात पाणी गिळतो. काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. जीवरक्षक इथे नसतात.

दुसरी गोष्ट ‘स्नीकर वेव्ह’. दहा-वीस मिनिटं लाटा एका ठरावीक रेषेपर्यंत येत राहतात, आपण निर्धास्त होतो, आणि मग एक लाट कसलीही सूचना न देता त्याच्या कितीतरी वर, कोरड्या वाळूपर्यंत येते. तिच्यात वाळू मिसळलेली असते. ती कपड्यांत, बुटांत भरते आणि माणूस जड होऊन उठूच शकत नाही. तिसरा धोका ओंडक्यांचा. किनाऱ्यावर वाहून आलेली झाडांची खोडं बसायला, चढायला फार छान दिसतात. पण टनावारी वजनाचं खोड उचलायला काही इंच पाणी पुरतं. लाट येते, खोड गडगडतं, आणि त्यावर उभं असलेलं पोर खाली येतं. पाण्याच्या जवळच्या ओंडक्यावर मुलांना चढू देऊ नका. फोटोसाठीही नाही.

पाळायचे नियम मी असे सांगतो. पुळणीवर पोचल्यावर पाच मिनिटं लांब उभं राहून नुसत्या लाटा बघा आणि ओली वाळू कुठवर आहे ते हेरा. चटई कोरड्या वाळूत, त्या रेषेच्या बऱ्याच वर. समुद्राकडे पाठ नाही. लहान मूल पाण्याच्या रेषेजवळ जाणार असेल तर मोठ्या माणसाचा हात त्याच्या मनगटाला धरलेला असावा, नुसतं ‘लक्ष आहे’ पुरत नाही. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस आधीच नेमा. चार कुटुंबं एकत्र असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आणि कुणी ओढलं गेलंच तर मागे उडी घ्यायची नाही. ९११ ला फोन, एकानं बुडणाऱ्यावरची नजर न हटवता बोट दाखवत राहायचं, तरंगेल ते काहीही त्याच्याकडे फेकायचं. वाचवायला गेलेला माणूस बुडण्याचे प्रसंग या किनाऱ्यावर घडलेले आहेत.

पाण्यात खेळायचंच असेल तर पार्कमध्येच कॉफेनबेरी तळं आहे. पोहायच्या दोन जागा, उथळ कडा, समुद्रापेक्षा उबदार पाणी. लाइफ जॅकेट तिथेही घालाच. तळ्याभोवती दोन मैलांची सपाट पायवाट आहे, आजी-आजोबांच्या संध्याकाळच्या फेरीला अगदी योग्य. डास मात्र आहेत, ओडोमॉस भारतातून आलेलं असेलच.

शनिवार सकाळ: शिंपले

कोलंबियाच्या मुखापासून सीसाइडपर्यंतचा सुमारे १८ मैलांचा किनारा रेझर क्लॅमसाठी प्रसिद्ध आहे. ओरेगनमध्ये निघणारे बहुतेक रेझर क्लॅम इथलेच. हा लांबट, सोनेरी-तपकिरी, नखासारख्या चकचकीत कवचाचा शिंपला. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला खाडीतल्या तिसऱ्या काढायची आठवण आल्याशिवाय राहत नाही, पण तंत्र निराळं आहे.

आधी कायदा. १२ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला शेलफिश लायसन्स लागतं, ते ऑनलाइन मिळतं. भारतातून आलेल्या आई-बाबांना अनिवासी लायसन्स घ्यावं लागतं, तीन दिवसांचंही असतं. माणशी पहिले १५ शिंपले, लहान असो, फुटका असो, काढला की मोजायचा. चांगले ठेवून बारके परत फेकायची मुभा नाही. प्रत्येकाची बादली वेगळी. १५ जुलै ते ३० सप्टेंबर या किनाऱ्यावर बंदी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: डोमोइक आम्ल नावाचं विष शिंपल्यांत साठलं की मधूनच किनारा बंद होतो. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही. निघायच्या दिवशी ओरेगन कृषी खात्याची शेलफिश हॉटलाइन ऐका. बंद म्हणजे बंद.

ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पुळणीवर हजर राहा, पाणी उतरत असतानाच खुणा दिसतात. ओल्या, सपाट वाळूत एखाद्या ठिकाणी नाण्याएवढा खळगा दिसतो, कधी मध्ये भोक आणि कडेनं वाळूची कडी. दिसत नसेल तर फावड्याच्या दांड्यानं वाळूवर ठोका, शिंपला मान आत ओढतो आणि तिथे खळगा पडतो. मग समुद्राकडे तोंड करून उभं राहा. खुणेच्या समुद्राकडच्या बाजूला चार-सहा इंच सोडून अरुंद फावडं सरळ खुपसा आणि दोन-तीन वेळा वाळू काढा. मग फावडं टाका आणि हात घाला. शिंपला सरळ खाली पळतो, आणि अपेक्षेपेक्षा फार वेगानं. कवचाच्या बाजू धरायच्या, ओढायचं नाही. हलवत हलवत सैल करून वर आणायचं. कवच नाजूक असतं आणि फुटलं तर धार ब्लेडसारखी लागते, म्हणून हातमोजे. मुलांसाठी नळीची ‘क्लॅम गन’ सोपी. खड्डा बुजवून पुढे जा. ओहोटीची वेळ झाली की परत फिरायला लागा, ‘अजून दोनच’ म्हणत थांबू नका.

साफ करताना उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, कवच सुटलं की लगेच गार पाण्यात. कात्रीनं मानेचं काळं टोक कापा, मान आणि पाय उभे चिरा, कल्ले आणि काळसर पोट पूर्ण काढून टाका. पण विष असलं तर ते खायच्या मांसातही साठलेलं असतं, साफ करून जात नाही. मग तिसऱ्यांच्या सुक्याचाच मार्ग: कांदा, आलं-लसूण, हळद-तिखट, आमसूल, खोबरं. मसाला पूर्ण शिजल्यावर शिंपले शेवटी टाकायचे आणि दोन-तीन मिनिटांत उतरवायचे. जास्त शिजले की रबर होतात.

दिवस भरायला

पुळणीवर पीटर आयरडेल या जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे. हे चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज मेक्सिकोहून पोर्टलंडला निघालं होतं, २५ ऑक्टोबर १९०६ ला वाऱ्यात वाळूवर चढलं. सगळे वाचले. ओहोटीला अगदी जवळ जाता येतं, भरतीला पाणी त्याला वेढतं. लोखंड धारदार आहे, मुलांना वर चढवू नका. पुळणीच्या काही भागात गाड्यांना परवानगी आहे, तेव्हा वाळूतही रस्त्यासारखंच दोन्हीकडे बघून चालायचं. आपली सेडान मात्र वाळूत घालू नका.

बॅटरी रसेल, म्हणजे किल्ल्याचा जुना तोफांचा मोर्चा, मुलांना फार आवडते. १९०४ चं काँक्रीटचं बांधकाम, आत गार, अंधाऱ्या खोल्या, टॉर्च हवाच. २१ जून १९४२ च्या रात्री जपानच्या आय-२५ पाणबुडीनं या भागावर १७ तोफगोळे डागले. किल्ल्यानं प्रत्युत्तर दिलं नाही, तोफांच्या ज्वाळांनी जागा उघड झाली असती. नुकसान झालं ते मुख्यतः बेसबॉल मैदानाच्या जाळीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या लष्करी ठाण्यावर झालेला असा हा एकमेव मारा. इतिहास आवडणाऱ्या आजोबांना तिथे उभं करून ही गोष्ट नातवंडांना सांगायला लावा.

सायकली नक्की न्या. पार्कमध्ये जवळपास १५ मैलांच्या वाटा आहेत, बऱ्याचशा डांबरी आणि सपाट. उत्तरेच्या टोकाला, क्लॅट्सॉप स्पिटवर, १५ मार्च ते १५ सप्टेंबर स्नोई प्लोव्हर या छोट्या पक्ष्याची वीण असते. त्याची अंडी वाळूवर उघडीच असतात आणि वाळूसारखीच दिसतात, पाय पडला तरी कळत नाही. पाट्या लावलेल्या भागात ओल्या वाळूवरूनच चाला. तिथे कुत्रा नाही, पतंगही नाही. आकाशातला पतंग त्याला ससाण्यासारखा वाटतो आणि तो घरटं सोडून पळतो. पतंग दक्षिणेकडच्या पुळणीवर हवा तेवढा उडवा. एल्क (मोठी हरणं) दिसले तर गाडीतूनच बघा, पिलांसोबतची मादी अंगावर येते.

पाऊस आला तर अस्टोरिया दहा मैलांवर आहे. १९२६ च्या अस्टोरिया कॉलम या टेकडीवरच्या मनोऱ्याला १६४ पायऱ्या आहेत. त्या न चढताही टेकडीवरून नदीचं मुख छान दिसतं. जवळच फोर्ट क्लॅट्सॉप, जिथे ल्युइस आणि क्लार्क या शोधप्रवाशांच्या तुकडीनं १८०५-०६ चा हिवाळा काढला. तेवढ्या मुक्कामात पाऊस न पडलेले दिवस त्यांनी नोंदवले ते अवघे बारा.

रविवार

जागा दुपारी एकपर्यंत सोडायची असते, त्यामुळे सकाळची ओहोटी आणि एक निवांत चहा दोन्ही बसतात. तंबू उतरवण्याआधी आतली वाळू झाडून घ्या, झिपमध्ये अडकलेली वाळू पुढच्या वेळी झिप फाडते. जाळावर पाणी ओता, काठीनं ढवळा, परत ओता, आणि राखेला हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट लागली तरी अजून पाणी हवं. वाळूनं झाकलेले निखारे आत तासन् तास धगधगत राहतात आणि नंतर येणाऱ्या अनवाणी मुलाचा पाय भाजतो.

घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी तंबू गॅरेजमध्ये नाहीतर गॅलरीत पसरून पूर्ण वाळवा. खुंट्या, फावडं आणि स्टोव्ह गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्या, खारं पाणी धातू खातं. सायकलच्या साखळ्या धुऊन तेल द्या. आणि यर्ट पुढच्या वर्षीही हवा असेल, तर बुकिंग उघडण्याची तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.